खाली सही करा

गेल्या दिवाळीत मालवणहून परत येताना फोंडा घाटात काकांनी मला एक साधा प्रश्न विचारला. ‘‘त्या कागदावर काय लिहिलं होतं गं?’’ मी खिडकीबाहेर बघत राहिले. कारण मलाही माहीत नव्हतं!

आता सुरुवातीपासून सांगते. मालवणला जाऊन स्कूबा न करणं म्हणजे कोल्हापुरात येऊन मिसळ न खाणं, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं होतं. आम्ही नऊ जण, दोन गाड्या. किनाऱ्यावर उतरतो न उतरतो तोच तीन-चार जणांनी गाठलं. ‘‘स्कूबा, स्कूबा! फोटो-व्हिडिओ फ्री!’’ त्यातल्या एका छोट्या माणसाकडे आम्ही गेलो. छोटा म्हणजे धंद्यानं छोटा. एक बोट, पाच-सहा सिलिंडर, स्वतः तो, त्याचा भाऊ आणि पाण्यातच जन्मल्यासारखा वावरणारा एक गाईड. पप्पांनी घासाघीस करून माणशी दोनशे रुपये कमी करून घेतले आणि वर ‘‘जरा लवकर आटपा, दुपारी सुरमई थाळी सांगून ठेवलीय’’ असंही बजावलं.

मग फॉर्म आले. इंग्रजीत, बारीक टाइपात, दोन पानं. घरात मी एकटीच कॉन्व्हेंटची, त्यामुळे असं काहीही आलं की ते आपोआप माझ्या हातात येतं. बँकेचं पत्र, विम्याचे कागद, नव्या मिक्सरचं मॅन्युअल... ही माझी सातवीपासूनची बिनपगारी नोकरी आहे. मी वरच्या दोन ओळी वाचल्या, सगळ्या प्रश्नांपुढे भराभर ‘नो’वर टिक करत सुटले आणि म्हणाले, ‘‘काही नाही, नेहमीचंच आहे. खाली सही करा.’’ सगळ्यांनी केली. काकांनीही केली. काका त्रेपन्न वर्षांचे आहेत आणि चार वर्षांपासून बीपीची गोळी घेतात. गोळीची पट्टी तेव्हाही त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.

खरं सांगायचं तर काकांची काळजी कुणालाच नव्हती. ‘‘शिवाजी पुलावरून पंचगंगेच्या पुरात उड्या मारलेला माणूस हाय मी, मला काय शिकवतोस?’’ असं त्यांनी त्या गाईडला हसत हसत सुनावलंसुद्धा. गाईड बिचारा दोन मिनिटं काहीतरी सांगत होता. अंगठा वर म्हणजे वर जायचं, बोटांचा गोल म्हणजे ठीक, श्वास तोंडानं घ्यायचा. पण भावाची सेल्फी चालली होती, पप्पा घड्याळ बघत होते आणि काका तर पट्टीचे पोहणारेच!

आणि इथेच गोम आहे. नदीत पोहणारा माणूस बुडी मारताना छाती भरून हवा घेतो आणि ती दाबून ठेवतो. बरोबरच आहे. वर घेतलेली हवा खाली गेल्यावर दाबली जाते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. स्कूबात मात्र हवा खाली घेतली जाते, आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाची. १० मीटरवर हा दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो आणि ५ मीटरवर दीडपट. म्हणजे ५ मीटरवर सहा लिटर हवा छातीत भरून कुणी श्वास रोखला आणि तसाच वर निघाला, तर पृष्ठभागापर्यंत त्या हवेला नऊ लिटर व्हायचं असतं. फुफ्फुसात तेवढी जागा कुठून येणार? बॉइलचा नियम १६६२ चा. अकरावीत आपण तो दोन मार्कांसाठी पाठ केला. स्कूबाचा पहिला नियम तिथूनच येतो: श्वास कधीही रोखायचा नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याला जे अंगवळणी पडलेलं असतं, नेमकं तेच इथे घातक ठरतं.

काकांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. थोडंसंच. ते घाबरले, त्यांनी छाती भरून हवा घेतली, श्वास धरला आणि पाय झाडत थेट वर निघाले. मी बाजूलाच होते. गाईडनं त्यांच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मागून धरला होता, तो त्यानं सोडला नाही. त्यानं त्यांना जवळ ओढलं, समोर येऊन स्वतःच्या तोंडातून बुडबुडे सोडून दाखवले आणि छातीवर थापटी मारली. एकदा, दोनदा. मग काकांच्या तोंडातून बुडबुड्यांचा मोठा लोंढा निघाला. तो बघितल्यावर मी स्वतः श्वास घ्यायला लागले. (हो, मीही रोखूनच धरला होता. नियम सगळ्यांना सारखा!)

बोटीवर काकांच्या नाकातून थोडं रक्त आलं आणि कान दुखत होता. मालवणात डॉक्टरांना दाखवलं. पडद्याला सूज आहे, महिनाभर पाण्यात जाऊ नका, म्हणाले. बीपी मोजलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘‘गोळी चालू आहे हे तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं?’’ काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतंच बघितलं.

आता माझं मत. आपल्याकडे पाण्यात काही झालं की बोट, लाइफ जॅकेट आणि परवाना यांची चर्चा होते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला, तेव्हाही झाली. ती व्हायलाच हवी. पण पाण्यात जाण्यापूर्वी माणसाला त्याच्या भाषेत काय सांगितलं जातं, याची चर्चा कोणीच करत नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर येणारे कितीतरी लोक कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे इथले. गाईड मालवणी बोलतो, गिऱ्हाईक मराठी बोलतं आणि दोघांच्या मधला कागद तेवढा इंग्रजी! मी त्या मालकाला नंतर विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘फॉर्म कोण वाचता हो ताई?’’ खरं होतं ते. पण वाचण्यासारखा केलाय तरी कुठे?

आपल्याच वर्कशॉपचं उदाहरण घ्या. भिंतीवर सुरक्षेच्या नियमांचा इंग्रजी बोर्ड आहे. त्यातला चौथा नियम कोणता, हे मेकॅनिकलच्या टॉपरनं सांगितलं तर मी त्याला कटवडा देईन. पण वर्कशॉपचे मामा पहिल्याच दिवशी जे म्हणाले, ‘‘चकात किल्ली ठेवून लेथ चालू केलास तर किल्ली तुझ्याकडंच येणार’’, ते आपल्यातला एकही जण जन्मात विसरणार नाही.

स्कूबाच्या फॉर्ममध्ये असतं तरी काय? (आता वाचलाय!) दमा, फिट येणं, हृदयविकार, बीपी, मधुमेह, कानाचं किंवा सायनसचं दुखणं, गरोदरपण, सर्दी. बहुतेक प्रश्नांना ‘हो’ म्हटलं म्हणजे बंदी नव्हे. आधी डॉक्टरांचं मत घ्या, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र ‘हो’ म्हटलं तर काकांना परत पाठवतील आणि सगळ्यांचा मूड जाईल, अशा अंदाजानं टिक करत गेले होते. मालकांनाही हीच भीती वाटते, की मराठीत वाचून लोक घाबरतील आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल. म्हणून सगळ्यांनीच एकदम करायला हवं. फॉर्म मराठीत असावा, तो धंदेवाल्यानं स्वतः वाचून दाखवावा (घरातल्या कॉन्व्हेंटवाल्या पोरीनं नव्हे!) आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात जावीत. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, ते नाकानं फुंकून बाहेर काढायचं, नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे. काकांनी हे एकदा केलं असतं तर थेंबभर पाण्याला ते घाबरलेच नसते. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत यासाठी खास तलाव आहे. छोट्या माणसाकडे तलाव नसेल, पण समुद्र तर आहे!

पण त्या पंधरा मिनिटांचे पैसे कोण देणार? हा प्रश्न मला पप्पांना विचारायचा होता, विचारला नाही. माणशी दोनशे रुपये आम्ही कमी केले, तेव्हा आम्ही नेमकं काय कमी केलं? सिलिंडर तर तोच होता, डिझेलही तेवढंच लागलं. कमी करण्यासारखा उरतो तो फक्त वेळ. शिवाय घाई आमचीच होती, थाळी थंड होत होती. त्या मालकाला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. त्याच्याच गाईडनं माझ्या काकांना हात सोडून जाऊ दिलं नाही, हेही तितकंच खरं.

वेळ कमी पडला की आणखी काय राहून जातं ते बघा. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे आणि प्रवाळ म्हणजे दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत असते. आमच्या भावाचा सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो प्रवाळावर उभं राहून काढलेला आहे. ‘‘त्यावर पाय ठेवू नको’’ हे चार शब्द त्याला कुणी सांगितले नव्हते.

आणि एक गोष्ट खास आपल्या कोल्हापूरकरांसाठी. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण प्रशिक्षण देणाऱ्या संस्था समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरच्या जागेलाही उंचीच मानतात आणि कोल्हापूर ५०० मीटरच्या वर आहे. आमच्यासारख्या पंधरा मिनिटांच्या उथळ डाइव्हनंतर त्याचा फारसा प्रश्न येत नाही. पण कोर्स करून दिवसभरात दोन-तीन खोल डाइव्ह केल्या असतील, तर त्याच संध्याकाळी घाट चढायचा की नाही, हे प्रशिक्षकाला विचारून घ्या. विमान नाही म्हणून आपण निर्धास्त, असं होऊ नये.

घरी आल्यावर मी तो फॉर्म मराठीत लिहायला घेतला. वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. माझ्या मराठीची लाज वाटेल इतके शब्द अडले. एका प्रश्नापाशी मी ‘श्वसनसंस्थेचे विकार’ असं काहीतरी भारदस्त लिहिलं, तर आईनं ते खोडून ‘जिना चढताना धाप लागते का?’ असं केलं. काकांना समजायला हवं, म्हणाली. दोन पानांचं दीड पान झालं. एक प्रत मालवणला त्या मालकाला पाठवली. त्यानं फोन करून विचारलं, अक्षर थोडं मोठं करून मिळेल का.

दुसरी प्रत काकांनी चष्मा लावून सावकाश भरली. तीन ठिकाणी ‘हो’ आलं. कागदाची घडी करून त्यांनी ती गोळीच्या पट्टीबरोबर खिशात ठेवलीय, डॉक्टरांना दाखवायला. त्यांना मार्चमध्ये परत जायचंय.