तार, कापूस आणि बंदीचा कायदा

इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घालणारा वटहुकूम केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याला संसदेच्या कायद्याचे रूप मिळाले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात या सर्वांना या कायद्याने मज्जाव केला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, असा त्याचा धाक आहे. मसुदा करणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घेतली. संपूर्ण उपकरणावर तर बंदी आहेच, पण त्याच्या ‘कोणत्याही भागा’वरही आहे. पळवाट बुजवण्यासाठी घातलेले हे दोन शब्द बंदरावर माल तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती आल्यावर त्यांचे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही.

तो विचारण्यासाठी न्हावा शेव्यासारखी दुसरी जागा नाही. उरण तालुक्यातील हे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि आज देशातील प्रमुख सरकारी बंदरांवर उतरणाऱ्या कंटेनरांपैकी जवळजवळ निम्मे येथे हाताळले जातात. २०२३-२४ या वर्षात येथील उलाढाल वीस फुटी कंटेनरांच्या हिशेबाने चौसष्ट लाखांवर गेली. म्हणजे दिवसाला सरासरी सतरा हजारांहून अधिक. यांतला प्रत्येक कंटेनर उघडून पाहणे कोणत्याही सीमाशुल्क खात्याला शक्य नाही. कागदपत्रे, आयातदाराचा पूर्वेतिहास, क्ष-किरण तपासणी आणि गुप्त खबर यांच्या आधारे निवड करावी लागते. दुसऱ्याच मालाच्या नावाखाली परदेशी सिगारेटी आणल्याची प्रकरणे या बंदरावर वेळोवेळी उघडकीस आली आहेत. गुजरातेत मुंद्रा येथे महसूल गुप्तचर संचालनालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दोन लाखांच्या आसपास इलेक्ट्रॉनिक सिगारेटी पकडल्या. तयार माल असा पकडता येतो. त्याला आकार आहे, नाव आहे, आणि २०२२ पासून जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात स्वतंत्र क्रमांकही आहे.

भागांची गोष्ट निराळी. या उपकरणांचा एक प्रकार असा आहे की त्यातील तापणारा भाग, म्हणजे अॅटोमायझर, वापरणाऱ्याने स्वतःच पुनःपुन्हा बांधायचा असतो. द्रवाची एक छोटी टाकी, तिच्या तळाशी दोन खांब, त्या खांबांमध्ये स्क्रूने आवळलेले तारेचे वेटोळे आणि वेटोळ्यातून ओवलेली कापसाची वात, एवढाच त्याचा संसार. वात द्रव शोषून वर आणते, तारेतून वीज गेली की ती तापते, द्रवाची वाफ होते. समईत वात तेल वर ओढते ते याच तत्त्वाने. फरक इतकाच की येथे ज्योत नाही. तार बहुधा निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची असते, किंवा लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची. आपल्या घरातील विजेची शेगडी, इस्त्री आणि पाणी तापवायचे यंत्र यांच्या पोटात हीच जातकुळी असते. कापूस तर आपल्या देवघरातलाच.

आता हे भाग सीमाशुल्काच्या वहीत कोठे बसतात ते पाहावे. निकेलची तार धातूंच्या एका प्रकरणात, लोखंडी मिश्रधातूची तार दुसऱ्या, कापसाचा लगदा कापडाच्या प्रकरणात, लिथियमचा सेल विजेच्या सामानात. शेगड्या बनवणाऱ्या कारखान्याची तार आणि व्हेप बांधणाऱ्या पोराची तार यांत रसायनदृष्ट्या किंवा मापदृष्ट्या काहीही फरक नाही. ‘कोणताही भाग’ हे शब्द शब्दशः घेतले, तर भिवंडीच्या भंगार दुकानातील तारेचे रीळही संशयास्पद ठरेल. ते कोणी शब्दशः घेणार नाही हे उघड आहे, आणि तेच या शब्दांचे दुबळेपण आहे. जो नियम सर्वत्र लागू करणे अशक्य असते तो कुठे लावायचा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते.

गंमत अशी की कायद्याने केवळ वापर हा गुन्हा म्हणून वेगळा सांगितलेला नाही, पण उत्पादनाच्या व्याख्येत मात्र जुळणी आणि तिला आनुषंगिक अशा सर्व क्रिया येतात. म्हणजे परदेशातून चोरून आलेले, एकदाच वापरून फेकायचे तयार व्हेप ओढणारा मुलगा केवळ वापर करतो. पण स्वतःच्या टेबलावर सहा वेढ्यांचे वेटोळे वळणारा दुसरा मुलगा अक्षरशः उत्पादक ठरू शकतो. दोघांच्या फुप्फुसांत जाणारी वाफ एकच.

असे आपण यापूर्वीही पाहिले आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. नंतर देशात ठिकठिकाणी कारखानदारांनी काय केले? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्ही पुड्या एकाच टपरीवर, एकाच हाताने दिलेल्या. मिश्रण गिऱ्हाइकाने तळहातावर करायचे. वस्तूवर बंदी आली की तिचे निरुपद्रवी वाटणारे भाग करायचे, आणि शेवटची जुळणी गिऱ्हाइकावर सोपवायची, ही युक्ती आपल्या टपरीवाल्याला कोणी चीनमधून शिकवलेली नाही.

याचा अर्थ बंदीच चुकीची होती, असा प्रस्तुत लेखकाचा निष्कर्ष नाही. ब्रिटनने सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून व्हेपला जवळ केले, तरी मुलांच्या हाती ती पडू लागल्यावर १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर तेथेही बंदी घालावी लागली. ज्या चीनमध्ये जगातील बहुतेक व्हेप तयार होतात, त्या देशाने स्वतःच्या बाजारात निरनिराळ्या स्वादांची विक्री ऑक्टोबर २०२२ पासून बंद केली. निर्यात मात्र चालू ठेवली. या व्यवहाराला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे. शिवाय आपल्याकडील चित्र ब्रिटनसारखे नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सव्वीस टक्क्यांहून अधिक लोक तंबाखू घेतात असे आढळले, पण त्यांत ओढणारे चार टक्क्यांच्या आतच होते. बाकी सारा चघळण्याचा कारभार. सिगारेट सोडवणारे यंत्र ज्याच्यासाठी आणायचे तो मनुष्य आपल्याकडे मूठभर, आणि त्या यंत्राला भुलणारा विद्यार्थी मात्र शाळाशाळांतून. तेव्हा सरकारने धोक्याची बाजू धरली हे समजण्यासारखे आहे. विडी आणि तंबाखू उघड्यावर विकली जात असताना ही कडक भाषा थोडी पोकळ वाटते, हेही तितकेच खरे.

पण बंदी घातल्यानंतर सरकारची जबाबदारी संपली असे मानले गेले, आणि जे प्रत्यक्षात चालले आहे त्याविषयी बोलणेच बंद झाले. येथे जीविताशी संबंध येतो. या वेटोळ्याचा रोध एक ओहम असेल, तर ३.७ व्होल्टच्या सेलमधून ३.७ अँपिअर प्रवाह वाहतो. दोन वेढे कमी केले, तार जाड घेतली आणि रोध ०.२ ओहमवर आणला की तोच सेल साडेअठरा अँपिअर देऊ लागतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलची एवढी ताकद नसते. तो तापतो, फुगतो आणि कधी पेटतो. वात कोरडी पडली किंवा आवळून भरली की द्रव वेळेवर पोचत नाही, तार प्रमाणाबाहेर तापते आणि ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली टाकीच्या उपकरणांतील वाफ तपासली, तेव्हा मूळ द्रवापेक्षा वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण जास्त आढळले. हे धातू द्रवातून नव्हे, तापलेल्या वेटोळ्याच्या बाजूने येत होते. पुढच्याच वर्षी त्या देशात फुप्फुसाच्या आजाराची जी साथ उसळली, तीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्याचे मुख्य कारण गांजाच्या अर्काच्या भेसळयुक्त द्रवात मिसळलेले ‘ई’ जीवनसत्त्वाचे अॅसिटेट हे होते. म्हणजे घात तारेने केला नाही, बिननावाच्या बाटलीने केला.

म्हणून लक्ष ठेवायचे ते बाटलीवर. निकोटीन हे असे द्रव्य आहे की ज्याला देवघरात किंवा शेगडीत जागा नाही. त्याची आयात, निर्मिती आणि विक्री यांची नोंद ठेवता येते आणि त्याचा माग लावता येतो. ‘कोणत्याही भागा’ऐवजी केवळ याच कामासाठी बनवलेली टाकी, तयार काडतूस आणि निकोटीनयुक्त द्रव अशी नेमकी यादी कायद्यात घातली, तर न्हावा शेव्याच्या अधिकाऱ्याला तारेच्या रिळात डोके खुपसावे लागणार नाही, आणि वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे तार आणणाऱ्या छोट्या कारखानदारालाही उगाच खेटे घालावे लागणार नाहीत. शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकू नयेत हा नियम २००३ पासून आहे. सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. हे दोन नियम किती टपऱ्यांवर पाळले जातात हे शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. बंदरावरची सारी दक्षता त्या टपरीपाशी येऊन संपते.

आणि शिक्षकांचा उल्लेख झालाच आहे, तर एक गोष्ट. ओहमचा नियम आणि विजेचा उष्णताविषयक परिणाम आपल्या शालेय विज्ञानात शिकवला जातोच, उदाहरण म्हणून नायक्रोमच्या वेटोळ्याची आकृतीही काढली जाते. त्याच तासाला ०.२ ओहमचे गणित फळ्यावर सोडवून दाखवावे, सेल का फुटतो आणि कोरडी वात काय करते ते मुलांना सांगावे. त्याला कायद्यातील दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.