पडलेलं घर उभं राहतं, पण कुणाच्या नावावर?

वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. अलीकडे आमचं वरूड, अमरावती जिल्हा. पलीकडे मोवाड, नागपूर जिल्हा. पण इकडच्या लेकी तिकडे आणि तिकडच्या इकडे दिलेल्या, त्यामुळे नकाशातली ही रेघ आम्हाला कधी जाणवलीच नाही. माझी मावशीही मोवाडलाच दिलेली. जुलै संपत आला, नदीला गढूळ पाणी चढलं, की मला हटकून तिची आठवण येते.

३० जुलै १९९१. वर्धेच्या महापुरात मोवाड उद्ध्वस्त झालं. दोनशेवर माणसं गेली. मावशीचं कुटुंब वाचलं, घर मात्र राहिलं नाही. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना तिला तिचा लोखंडी खलबत्ता तेवढा सापडला. तो अजून तिच्याजवळ आहे आणि अजूनही ती त्यातच लसूण कुटते.

पुढे सगळं रीतसर झालं. पंचनामा झाला, याद्या लागल्या, उंचावर नवी वस्ती आखली गेली. मावशीच्या घरालाही दोन खोल्या मिळाल्या. सरळ रेषेत, एकासारखी एक घरं! मी कॉलेजात होते तेव्हा. मला तर ती वस्ती फार छान वाटली होती. मावशीनं मात्र आत पाऊल टाकल्याबरोबर विचारलं, "न्हाणी कुठी हाये?" न्हाणी नव्हती. सपरी नव्हती, बाया तुरी निवडत बसतात ती. मागे सांदवाडी नव्हती. शेजारी कोण येणार हेही चिठ्ठीवर ठरलेलं. जुन्या गल्लीतल्या तिच्या जिवाभावाच्या जावा-नणंदा चार रांगा पलीकडे फेकल्या गेल्या होत्या.

मग तिनं काय केलं? मागच्या बाजूला तट्ट्याचा आडोसा करून न्हाणी केली. पुढे टिनाचं छप्पर काढलं. भिंती लिंपल्या, ओटा घातला, दारात तुळस लावली. दोन-तीन वर्षांत त्या दोन खोल्यांचं तिनं घर केलं. सासरा तर सगळ्यांना सांगायचा, "सरकारनं खोल्या देल्या, घर सुनेनं बांधलं."

कागदावर मात्र नाव सासऱ्याचं. पंचनाम्याच्या वेळी 'कुटुंबप्रमुख कोण?' असं विचारलं, सासऱ्याचं नाव सांगितलं गेलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मावशीलाही नाही. सासरे गेले, मग काही वर्षांनी काकाही गेले, आणि एक दिवस दीर दारात उभा. घर वडिलांचं, म्हणजे आता माझं!

विधवेचा हिस्सा कायद्यात होता. पण कायदा पुस्तकात असतो आणि दीर दारात असतो. कोर्टकचेरी करायला मावशीजवळ ना पैसा, ना माणूस. एकुलती एक लेक, ती लग्न होऊन गेलेली. चार जण बसले, 'समजुतीनं' घ्या म्हणाले. मावशीनं एका कागदावर सही केली आणि स्वतः उभारलेल्या घराच्या मागच्या खोलीत राहायला गेली. पुरानं तिचं एक घर नेलं होतं. दुसरं नेलं ते आपल्याच माणसांनी, आणि त्याचा तर पंचनामाही होत नाही.

मैत्रिणींनो, ही फक्त माझ्या मावशीची गोष्ट असती तर मी ती इथे सांगितली नसती.

आपल्या राज्यात घरबांधणीचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) सुमारे आठ हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. झोपेत अंगावर आलं ते हेच. मग जागतिक बँकेच्या कर्जातून नवी गावं वसली. तिथे घराचं माप कसं ठरलं माहीत आहे? जमिनीवरून! भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून जास्त असेल तर ७५०. ज्याचा वाडा मोठा होता त्याला मोठं घर, हा हिशेब एकवेळ समजू शकतो. पण बाईच्या नावावर सातबारा असतो किती घरांत? चूल दोघींच्याही घरी तेवढीच मोठी, पोरंही तेवढीच. तरी एकीचं घर दुसरीच्या तिप्पट, का, तर नवऱ्याच्या नावावर शेत होतं म्हणून.

याच किल्लारीनं दुसरीही एक गोष्ट शिकवली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. सगळीच गावं काही उठवली नव्हती. शेकडो गावांत लोकांनी आपापली घरं जागच्या जागी दुरुस्त करायची, पैसा सरकारनं टप्प्याटप्प्यानं द्यायचा, असं ठरलं. तिथे प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावातल्याच बाया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. कालपर्यंत चारचौघांत डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या या बाया भिंतीत जोडदगड बसला का, दरवाजावरून पट्टा गेला का, सिमेंट किती आणि वाळू किती हे गवंड्याला विचारायला लागल्या. गवंडी आधी हसले असतील, असं मला आपलं वाटतं. पण २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं तेव्हा याच लातूरच्या बाया तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि चार गोष्टी सांगायला गेल्या. ज्यांनी स्वतःचं घर पडलेलं पाहिलं आणि पुन्हा उभं केलं, त्यांच्याइतकं हे कोण सांगणार?

म्हणजे बाईला विचारलं तर घर अधिक मजबूत होतं, हे तीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. मग नावाचं घोडं कुठे अडतं?

शेताच्या बाबतीत शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि नव्वदच्या दशकात अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. घराच्या बाबतीत २००३ मध्ये सरकारनंच सांगितलं, की ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावा. 'घर दोघांचं' अशी मोहीमच निघाली. घरकुलासाठीही बाईचं किंवा दोघांचं नाव असावं असा नियम आहे. तो इंदिरा आवासमध्ये होता, प्रधानमंत्री आवासमध्येही आहे. नियमांना तोटा नाही हो! पण आपत्ती येते तेव्हा सगळी घाई असते. तलाठी नोंदवही काढून उभा, पाऊस डोक्यावर, आणि प्रश्न तोच जुना : कुटुंबप्रमुख कोण? २०२२ मध्ये ठरलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, झोपडीला ८ हजार. ही रक्कम मुळातच तुटपुंजी आहे. तीही जाते ती ज्याचं नाव लिहिलं त्याच्या खात्यात. बाई पंचनाम्याच्या वेळी तिथेच असते, पण ती भांडी वाळवत असते.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला. टीव्हीवर पडलेल्या भिंती आणि भिजलेली धान्याची पोती दाखवत होते. मी मात्र प्रत्येक बातमीत पंचनाम्याचा कागद शोधत होते. त्यावर कुणाचं नाव लिहिताहेत? माळीणचा डोंगर कोसळला तो २०१४ चा, दिवस मात्र आमच्या मोवाडचाच, ३० जुलै. तिथे नवं गाव उभं राहायला २०१७ उजाडलं. मग तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. एवढ्या घरांच्या किल्ल्या वाटून झाल्या. किल्ली देण्याआधी कागदावर दोन नावं आहेत का, हे बघायला असा किती वेळ लागतो? मला विचाराल तर दुसरं नाव नसेल तर अनुदानाचा पहिला हप्ताच सोडू नये. कडक वाटेल, पण मी मावशीची मागची खोली पाहिली आहे.

हा लेख लिहायचा म्हणून परवा तिला फोन केला. म्हटलं, "मावशी, तुझी गोष्ट पेपरात लिहू का? नाव नाही टाकणार."

"लिही नं," ती म्हणाली. "पन मले सांग, तुह्या घराच्या कागदावर तुहं नाव हाये का?"

मी उडवाउडवीचं उत्तर दिलं. फोन ठेवला आणि कपाटातून घराची कराची पावती काढली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. या घराच्या स्लॅबवर मी स्वतः पाणी मारलेलं आहे, गरोदर असताना. पावतीवर एकच नाव आहे, ह्यांचं. रात्री जेवताना विषय काढला. "करू की," म्हणाले, "एवढी काय घाई आहे?"

दुसऱ्या दिवशी जाऊन मी अर्जाचा कागद घेऊन आले. माझी सही करून तो ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलाय.