पडद्यावरील चमत्कारांना फूटपट्टी कोणती?

मार्च २०२३ मध्ये मीरा रोडला बागेश्वर धामचा दरबार भरणार म्हणताच पुरोगाम्यांना जादूटोणाविरोधी कायदा आठवला. नाना पटोले यांनी तर परवानगीच नाकारण्याची मागणी केली. ठीक! मग पडद्यावरून रोगमुक्ती वाटणाऱ्या ख्रिस्ती प्रचारकांना हीच फूटपट्टी का नको?

अमेरिकेत देणगीदारांना फसविणाऱ्या जिम बेकर यांना १९८९ मध्ये ४५ वर्षांचा कारावास ठोठावला गेला. अपिलानंतर तो बराच घटला, ही गोष्ट निराळी. त्याआधी वर्षभर जिमी स्वॅगर्ट कॅमेऱ्यासमोर रडत पापाची कबुली देऊन गेले होते. पंजाबात ‘चमत्कारां’च्या चित्रफितींनी गाजलेल्या बजिंदर सिंगला एप्रिल २०२५ मध्ये मोहालीच्या न्यायालयाने बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. विश्वासघात झाला तो श्रद्धाळूंचाच. महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा धर्म विचारत नाही. मग तो राबवा म्हणणाऱ्यांनी तरी तो का विचारावा?