बेकनचे सँडविच आणि काटकसर

ज्या पदार्थाचा जन्मच काटकसरीत झाला तो थोड्या पैशांत कसा करावा, असा प्रश्न लोकांना पडू लागला, की कुठे तरी काही बिघडले आहे असे खुशाल समजावे. इंग्लंडातल्या बेकन सँडविचचे सध्या हेच झाले आहे. कामगाराने सकाळी पाळीवर जाताना टपरीवरून घ्यावा, कागदात गुंडाळावा आणि चालता चालता संपवावा, असा हा घास. आज लंडनच्या नव्या उपाहारगृहांत तोच आंबवलेल्या महागड्या पावात घालून, नाजूक बशीत मांडून येतो, आणि बिल पाहून गरीब विद्यार्थी मान खाली घालतो. मग त्याला वाटते की अस्सल सँडविच आपल्या ऐपतीचे नाही. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. अस्सल सँडविच स्वस्तच असते. महाग झाले की ते अस्सल राहत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा पदार्थ वर्ज्य असेल. त्यांनी तो खावा असा माझा मुळीच आग्रह नाही. पण काटकसरीचे शास्त्र साऱ्या चुलींना सारखेच लागू पडते, म्हणून त्यांनीही चार ओळी वाचाव्यात.

बेकन म्हणजे मिठात मुरवलेले डुकराचे मांस. पाठीकडच्या मांसाच्या रुंद चकत्या इंग्रजांना विशेष प्रिय. पोटाकडच्या चकत्यांत चरबीचे पट्टे अधिक, आणि त्या बहुधा स्वस्त. या मांसाची गोडी तिकडच्या सामान्य माणसाला लागली त्यात डेन्मार्कच्या शेतकऱ्यांचाही वाटा आहे. १८८७ साली जर्मनीने डेन्मार्कची जिवंत डुकरे घेणे बंद केले, तेव्हा त्याच वर्षी हॉर्सेन्स गावी शेतकऱ्यांनी सहकारी कत्तलखाना काढला आणि आपला माल बेकन करून इंग्लंडच्या बाजारात पाठवण्याचा उद्योग वाढवला. पुढे महायुद्ध आले. ८ जानेवारी १९४० पासून बेकनवर रेशन बसले, ते उठायला ४ जुलै १९५४ उजाडावा लागला. दीर्घकाळ माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमही नाही, एवढाच वाटा मिळे. त्यात एक भरगच्च सँडविच जेमतेम व्हावे! पांढरा पावही त्या काळात दुर्मिळ झाला होता; १९४२ पासून लोकांना करड्या रंगाचा सरकारी पाव खावा लागे. साधा पांढरा पाव आणि बेकन या जोडीवर त्या समाजाचा जीव का जडला, याचे बरेचसे उत्तर मला या चौदा वर्षांत सापडते. टंचाईने ज्याची किंमत शिकवली, त्याला श्रीमंती साज चढवण्याची गरज नाही.

आता कृतीकडे वळू. पहिली गोष्ट, पावावर पैसे उधळू नयेत. दुकानातला सर्वांत साधा, मऊ, कापलेला पांढरा पावच इथे योग्य, कारण चरबी आणि रस शोषून घेणे हेच त्याचे काम. कडक कवचाचा पाव दातांखाली ओढला की आतले मांस बाहेर येते. दुसरी गोष्ट, कारखान्यात चकत्या कापताना उरलेले वेडेवाकडे तुकडे तिकडच्या दुकानांत 'कुकिंग बेकन' या नावाने पुष्कळ कमी भावात मिळतात. मांस तेच, फक्त रूप गेलेले. पिशवी घरी आणून पातळ तुकडे सँडविचसाठी निवडावेत आणि जाड तुकडे बटाट्याच्या किंवा डाळीच्या सुपासाठी ठेवावेत. या तुकड्यांत कधी मीठ जास्त असते, तेव्हा वरून मीठ मुळीच घालू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिला पैसा लागत नाही. बेकन थंड तव्यावर मांडावे, तेल न घालता, आणि आच मंद ठेवावी. स्वस्त मालात खारे पाणी टोचून भरलेले असते. तापू लागताच ते पांढरट फेसाच्या रूपाने बाहेर येते. ते काढून टाकावे, नाही तर मांस तळले न जाता उकडते. पाणी गेले की चरबी सुटते, कडा सोनेरी होतात. मग पावाचा एकेक काप त्याच तव्यावर क्षणभर टेकवावा. लोण्याचा खर्च वाचतो आणि चवही वाढते.

शेवटी चमचाभर तपकिरी सॉस. यातला प्रसिद्ध एच. पी. सॉस नॉटिंगहॅमच्या गार्टन नावाच्या वाण्याचा. त्याचे नाव १८९५ साली नोंदले गेले. त्यात व्हिनेगर आणि खजुराबरोबर चिंचही असते! चरबीच्या तोंडाला आंबटगोड हवे, ही गोष्ट आपल्याकडच्या आजीला चिंचगुळाच्या आमटीने शिकवली आहे. इंग्रजाच्या बाटलीत तीच चिंच पाहून मला मौज वाटते. एरवी दुकानाच्या स्वतःच्या नावाची स्वस्त बाटलीही हे काम चोख करते.

यावर आरोग्याचा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेले व प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांत घातले. म्हणून हे सँडविच रोजचे नव्हे, आठवड्या-पंधरवड्यातून एकदाचे असावे. इथे वैद्य आणि पाकीट यांचे एकमत आहे, हे काही कमी नाही.

हा घास तिकडे किती जिव्हाळ्याचा आहे पाहा. २०१४ साली मजूर पक्षाचे पुढारी एड मिलिबँड हे सँडविच खाताना छायाचित्रात विचित्र दिसले, आणि पुढल्या वर्षी निवडणुकीच्या आदल्या दिवशी एका मोठ्या वृत्तपत्राने तेच चित्र पहिल्या पानावर छापले. पुढाऱ्याला लोकांचा घास लोकांसारखा खाता येतो की नाही, यावर त्याचे माणूसपण तोलणे मला क्षुद्रपणाचे वाटते. पण हा घास कुणाचा मानला जातो, ते त्यावरून कळते.

इंदूरहून आज किती तरी मुले लेस्टर, बर्मिंगहॅमला शिकायला जातात. पौंड मोजता मोजता 'चव ही पैसेवाल्यांची चैन, आपण नुसते पोट भरावे' असे म्हणू लागतात, आणि पाकिटातल्या शेवयांवर महिने काढतात. मला खरी काळजी वाटते ती याची. पैसा कमी असणे ही अडचण आहे. चवीवरचा हक्क सोडणे हा पराभव आहे. जो मांस खातो त्याने ते तुकडे आणावेत, जो खात नाही त्याने अंडे किंवा बटाटा घ्यावा. पण तवा थंड ठेवून, आच मंद करून, पाच मिनिटे त्याच्यापाशी उभे राहावे. काटकसर म्हणजे जिथे पैसा देता येत नाही तिथे लक्ष देणे. ते ज्याच्यापाशी आहे, त्याच्या ताटाला कुणी गरीब म्हणू नये.