तपासणी एका दिवसाची, भिस्त वर्षभराची

छत्रपती संभाजीनगर : चिकलठाणा विमानतळावरून मुंबई किंवा दिल्लीला निघालेला प्रवासी तिकीट आणि ओळखपत्र दाखवून विमानात बसतो. त्याचे प्राण ज्यांच्या हाती असतात, त्या वैमानिकाला आणि मनोऱ्यातील हवाई वाहतूक नियंत्रकालाही एक कागद लागतो, तो म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. त्याची मुदत सरली की परवाना असूनही काम करता येत नाही. मात्र हा कागद नेमकी कशाची हमी देतो, याचा विचार क्वचितच होतो.

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार व्यावसायिक वैमानिकाला वर्ग १चे, तर नियंत्रकाला वर्ग ३चे प्रमाणपत्र आवश्यक असते. पहिल्याची मुदत साधारणपणे १२ महिने असते. वयाच्या साठीनंतर ती सहा महिन्यांवर येते. नियंत्रकासाठी कमाल मुदत ४८ महिने असून चाळिशीनंतर ती २४ महिने होते. दृष्टी, रंगज्ञान, श्रवण, हृदय, रक्तदाब अशा तपासण्या त्यासाठी होतात. भारतात या कामात हवाई दलाच्या बंगळुरू, दिल्ली आणि जोरहाट येथील केंद्रांचा मोठा वाटा राहिला आहे.

क्षणाच्या चुकीची किंमत या शहराने मोजली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी मुंबईकडे झेपावणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि ५५ जणांचा बळी गेला. विमान उचलण्यास वैमानिकांनी केलेला उशीर आणि रस्त्यावरील वाहतुकीवर नसलेले नियंत्रण ही कारणे चौकशीत पुढे आली. तेथे आजाराचा प्रश्न नव्हता. पण कॉकपिटमधील काही सेकंदांचे मोल त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

आजार तर मुदतीची तारीख पाहून येत नाही. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणासाठी आलेला वैमानिक विमानात चढण्याच्या दारापाशीच कोसळला आणि मरण पावला. मनाचे आजार तर यंत्रांनाही दिसत नाहीत. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्स पर्वतात जाणूनबुजून पाडले. १५० जण मृत्युमुखी पडले. डॉक्टरांनी कामास अपात्र ठरविल्याचे त्याने कंपनीपासून लपविले होते. परवाना गमावल्यास येणाऱ्या आर्थिक संकटाकडे फ्रान्सच्या तपास यंत्रणेने आपल्या अहवालात लक्ष वेधले.

खरी मेख येथेच आहे. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात तब्येत बिघडली, तर स्वतःहून काम थांबविणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. मात्र ‘तात्पुरता अपात्र’ असा शेरा बसला की उड्डाण थांबते आणि त्यावर अवलंबून असलेले उत्पन्नही. प्रशिक्षणासाठी लाखोंचे कर्ज काढलेल्या तरुण वैमानिकाला प्रामाणिकपणा महाग पडू शकतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ मध्ये वैमानिक, विमान कर्मचारी व नियंत्रकांच्या मानसिक आरोग्याची दखल घेत सहकाऱ्यांमार्फत आधार देणाऱ्या यंत्रणेवर भर दिला. जानेवारी २०२२ पासून अमली पदार्थांची चाचणीही लागू झाली. ही पावले योग्यच आहेत. परंतु चाचण्या वाढविल्याने लपविण्याचे कारण नाहीसे होत नाही. उपचाराच्या काळात वेतनाचे संरक्षण, पुरेसा विमा आणि कामावर परतण्याचा स्पष्ट मार्ग मिळाला, तरच दुखणे वेळीच सांगितले जाईल. प्रवाशाची सुरक्षितता शिक्क्याइतकीच या निर्भयतेवरही अवलंबून आहे.