तयार डायरी की घरची वही?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पांढरपेशा घरांतून एकदोन डायऱ्या येऊन पडतात. एखादी कचेरीतून येते, एखादी ओळखीच्या दुकानदाराकडून. वर सोनेरी अक्षरे, आत रेशमी फीत आणि दररोजला एक पान! पहिल्या तारखेला गृहस्थ मोठ्या उत्साहाने पहाटे उठल्याची नोंद करतात. दहा तारखेच्या पुढची पाने कोरी राहतात आणि यथावकाश धाकट्या चिरंजीवांच्या गुणाकार-भागाकारांच्या कामी येतात. मग घरात ठराव होतो, की आपल्या हातून काही डायरी लिहिणे व्हायचे नाही.

वस्तुतः यात माणसाचा दोष कमी आणि डायरीचा अधिक. ती छापणाऱ्याने सगळे दिवस एकाच मापाचे धरलेले असतात. ज्या मंगळवारी काहीच घडायचे नसते त्यालाही एक पान, आणि ज्या दिवशी सासूबाईंची रक्ततपासणी, मुलीची फी नि गावाहून येणारे पाहुणे एकदम उभे राहतात त्यालाही एकच पान.

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनी ही अडचण केव्हाच ओळखली होती. त्यांची कीर्द वेगळी असे आणि खतावणी वेगळी. कीर्दीत व्यवहार घडेल तसा तारखेवार उतरवायचा. खतावणीत तोच ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा, म्हणजे कोणाकडून किती येणे आहे ते एका पानावर दिसे. बाजारची डायरी ही नुसती कीर्द आहे. घराला खतावणीही लागते.

तशी ती प्रत्येक घरात असतेच म्हणा! फक्त ती बहुधा घरातल्या बाईच्या डोक्यात असते. सिलिंडर कधी लावले, कामवाल्या बाईंचे खाडे किती झाले, आजोबांची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी केव्हा बदलली, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात, सगळे तिला तोंडपाठ. ती चार दिवस तापाने अंथरुणाला खिळली, की तिच्या उशाशी येऊन एकेक जण विचारू लागतो, "अगं, दुधवाल्याचे पैसे दिलेस का?", "आई, माझा गणवेश इस्त्रीला टाकला होतास ना?" आजाऱ्याला विश्रांती म्हणतात ती ही! वही करायची ती मुख्यतः यासाठी, आणि म्हणूनच ती घरातल्या प्रत्येकाला वाचता येईल अशी, उघड्यावर ठेवलेली हवी.

अर्धे काम भिंतीवरच्या दिनदर्शिकेने केलेले आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केले, तेव्हापासून कित्येक घरांत तारखेचा चौकोन हीच नोंदवही झाली आहे. दुधाचा खाडा, गॅसची तारीख, वाण्याचे येणे, सारे त्या चौकोनात. सोय उत्तम, पण चौकोन बोटभर, आणि पान उलटले की गेला महिना पाठीमागे दडतो. डिसेंबरअखेर तर बारा महिन्यांचा अनुभवच रद्दीत जातो. निदान जुनी दिनदर्शिका वर्षभर तरी टाकू नये, असे माझे मत आहे.

मोबाईलचे काय, असे तरुण मंडळी विचारतील. गोळीच्या वेळेला घंटा वाजवायला मोबाईल फार चांगला. पण तो ज्याच्या खिशात त्यालाच ऐकू येतो, आणि सबंध महिना एका नजरेत पाहायला पसरलेला कागदच बरा.

वही आखण्यापूर्वी एक काम मात्र अवश्य करावे. पंधरा दिवस स्वयंपाकघरात एक कागद लावून ठेवावा आणि घरात कोण कोणाला काय विचारतो ते टिपत जावे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात तीच आपली खाती. शाळकरी मुलांच्या घरात शिकवण्या, डबे नि परीक्षा यांचीच गर्दी दिसेल. दोघेच निवृत्त पतिपत्नी असतील तर औषधे, मुदत ठेवी आणि हयातीचा दाखला. केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हा दाखला दरवर्षी साधारणतः नोव्हेंबरात द्यावा लागतो. राहिला तर पुढे वेतन अडते. विम्याचा वार्षिक हप्ता चुकला तर सामान्यतः तीस दिवसांची सवलत असते, महिन्याच्या हप्त्याला पंधराच. अशा तारखा आदल्या महिन्याच्या पानावर लिहाव्यात. ज्या दिवशी पैसे भरायचे त्याच दिवशी आठवण होऊन उपयोग काय?

आता आखणी. साधी दोनशे पानी वही घ्यावी. पहिले पान एकटेच असते. त्यावर डॉक्टरांचे फोन, प्रत्येकाचा रक्तगट आणि कोणाला कोणते औषध सोसत नाही ते लिहावे. पुढची २४ पाने बारा महिन्यांना, समोरासमोरची दोन दोन. मग ५२ आठवड्यांना तशीच दोन दोन, म्हणजे १०४. यात आडव्या ओळींत वार घ्यावेत आणि उभ्या रकान्यांत माणसे; बुधवारी संध्याकाळी घरी कोण असणार ते लगेच कळते. निवृत्त जोडप्याला आठवड्यांची पाने नकोतच, महिन्यांची पुरतात. एवढे करून ७१ पाने उरतात. ती खतावणीची: औषधे, हप्ते, दुरुस्त्या, उन्हाळ्यातली पापड-लोणच्यांची बेगमी.

ही वही जानेवारीतच सुरू करावी असे थोडेच आहे? आपल्या घरात वर्षे तरी किती! पंचांगाचे पाडव्याला, सरकारी हिशेबाचे १ एप्रिलला, बऱ्याच शाळांचे जूनमध्ये, व्यापाऱ्यांचे दिवाळीत. महिन्यांची नावे हाताने घालायची असल्याने ज्याला जे वर्ष जवळचे त्याने ते धरावे. सण मात्र तारखेने लिहून ठेवून पुढच्या वर्षी तसेच उतरवू नयेत. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. नवे पंचांग पाहूनच सणांची पाने भरावी.

खतावणीतले माझ्या आवडीचे पान फराळाचे. भाजणी किती दळली, चकल्या किती झाल्या, चिवड्याला पोहे किती लागले, काय दुसऱ्याच दिवशी संपले आणि कशाचा डबा तुळशीच्या लग्नापर्यंत कोणी उघडला नाही, हे सर्व त्यात यावे. पुढच्या वर्षी सुनेला किंवा चिरंजीवांना वाण्याकडे पाठवायचे झाले तर यादीसाठी कोणाला हाक मारावी लागत नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, डबे धुवायला टाकण्यापूर्वी, ते पान भरून टाकावे. पेन्सिल वहीला दोऱ्याने बांधलेली असावी. सुटी ठेवलीत तर ती संध्याकाळपर्यंत मुलांच्या दप्तरात गेलीच म्हणून समजा.