स्वभावाला औषध नाही, असे कोण म्हणतो?

'माणसाचा स्वभावच तसा असतो हो, त्याला काय करणार?' हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरमालकाने आडनाव ऐकून खोली नाकारली, की स्वभाव. हापिसात डब्याला बसताना एकजण हळूच सरकून बसला, की स्वभाव. प्रेम केले म्हणून पोरीचा गळा आवळला, तरी बापाचा तापट स्वभाव! स्वभावाला औषध नाही, ही म्हण ज्याने काढली तो बहुधा रोगाचा लाभार्थी असावा.

आमचे म्हणणे सरळ आहे. ज्याला स्वभाव म्हणून खपवले जाते, ते बहुतेक वेळा शिकवलेले वागणे असते. शिकवलेले असते म्हणूनच ते मोडता येते. याचा पुरावा आम्ही बाबासाहेबांच्याच एका छोट्या लेखनातून देणार आहोत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांच्या आठवणींची पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केली. जयंतीला बाबासाहेबांच्या फोटोवर हार घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचली आहे? वीस-पंचवीस पानांची आहे. माणसाच्या वागण्यावरचे असे पुस्तक आम्ही दुसरे वाचलेले नाही.

पहिला प्रसंग १९०१ चा. नऊ वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे. न्यायला कोणी आले नाही, म्हणून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. तो मागे सरला. मात्र पुढे याच मास्तरने गाडीवानाशी बोलणे करून दिले. भाडे दुप्पट, आणि गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार! बैलांना विटाळ होत नव्हता, गाडीला होत नव्हता, दुप्पट पैशाला तर मुळीच होत नव्हता. शेजारी बसलेल्या पोराचा मात्र होत होता. रात्रभर त्या मुलांना पाणी मिळाले नाही.

हा मास्तर राक्षस होता का? नव्हता. तो मुलांची काळजी करणारा, चारचौघांसारखा माणूस होता. आमच्या तरुणांनी इथे थांबून विचार करावा. आपण अत्याचार करणारा म्हटले की लाल डोळ्यांचा, मिशीला पीळ देणारा पाटील डोळ्यासमोर आणतो. सिनेमाने ती सवय लावली आहे. पण जात चालते ती अशा सभ्य माणसांच्या जिवावर. त्यांची दया जातीच्या दारापर्यंत येते आणि तिथे चप्पल काढून उभी राहते.

दुसरा प्रसंग बडोद्याचा, १९१७ चा. कोलंबियात शिकून आलेला, संस्थानात अधिकारी म्हणून रुजू झालेला माणूस राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत खोटे नाव लावून राहिला. काही दिवसांत काठ्या घेतलेले लोक दारात आले. मग दोन मित्र आठवले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. पहिला म्हणाला, तू घरी आलास तर नोकर निघून जातील. दुसऱ्याने पत्नीचे नाव पुढे केले. दोघांनाही वाईट वाटले असेल. पण वाईट वाटून कुणाला छप्पर मिळत नाही. बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्या नावाच्या कथेतला नायकही परगावी जात लपवून खोली मिळवतो, मान मिळवतो आणि जात कळताच मार खातो. बडोद्यापासून या कथेपर्यंत शेहेचाळीस वर्षे गेली, स्वातंत्र्य आले, संविधान आले, कलम १७ आले. तरी साहित्यिकाला तोच प्रसंग नव्याने लिहावा लागला. आणि आज शहरात खोली शोधणारा आमचा विद्यार्थी फोनवर 'आडनाव काय?' या प्रश्नापाशी अडखळतो. शेहेचाळीस वर्षांत किंवा शंभर वर्षांत स्वभाव बदलला नाही, असे म्हणून हात झटकायचे का?

नाही. कारण महाड आहे. १९२३ साली बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. कागदावर सगळे झाले होते, पण कुणी पाणी प्यायले नव्हते. २० मार्च १९२७ ला हजारो पावले तळ्याकडे चालली तेव्हा तो कागद जिवंत झाला. त्यानंतर देवळात शिरणार अशी अफवा उठवून आमच्या लोकांवर हल्ला झाला. आपल्यात लष्करातून आलेली माणसे होती, हात त्यांनाही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि त्यांनी ऐकले. चिडलेल्या जमावाचा स्वभाव तो कुठे गेला? शिस्तीने बदलला.

दुसऱ्या बाजूला पाहा. त्याच समाजात वाढलेले सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे बाबासाहेबांसोबत उभे राहिले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला, ते जन्माने ब्राह्मण होते. जात रक्तात असती तर हे घडले असते का? म्हणूनच बाबासाहेबांनी 'जातीचे निर्मूलन'मध्ये माणसांना दुष्ट ठरवत बसण्यापेक्षा त्यांना तसे वागायला शिकवणाऱ्या धर्मशास्त्रांवर बोट ठेवले.

आता कडू घोट. आतापर्यंत वाचून माना डोलावणाऱ्यांनी १९२९ चा चाळीसगावचा प्रसंगही वाचावा. टांगेवाले महार प्रवाशाला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला सवय नसलेला आपलाच माणूस बसवला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. त्या लोकांचे प्रेम खरे होते. पण पाहुण्याच्या मानापुढे पाहुण्याचा जीव विसरला गेला, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे.

आमच्या चळवळीत हा टांगा अजून धावतो आहे. बाबासाहेबांच्या नावाने डीजे लावतो, बॅनरवर स्वतःचा फोटो त्यांच्याएवढा छापतो, आणि वस्तीतली अभ्यासिका वर्षभर कुलूपबंद असते. मान राखला, विचाराचा पाय मोडला! सोयरीक जुळवताना आम्ही पोटजात विचारतो. शेजारच्या मातंग घरातली पोरगी सून म्हणून आली तर आमचाही चेहरा त्या मास्तरासारखा बदलतो. १४ एप्रिलला मंचावर समतेचे भाषण चालू असते आणि आमच्या बाया मागे पुऱ्या लाटत असतात. हाही स्वभावच का? दुसऱ्याच्या बाबतीत आम्ही त्याला मनुवाद म्हणतो.

'फँड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याकडे येतो. थिएटरात आम्हीही होतो. आम्हीही टाळ्या वाजवल्या, कारण दगड समोरच्या कुणाला तरी लागला असे आम्ही धरून चाललो. तो आपल्याही दिशेने येत होता, हे घरी येऊन लक्षात आले.

म्हणून आमची विनंती आहे. येत्या रविवारी विहारात ही पुस्तिका मोठ्याने वाचा. बाबासाहेबांच्या जागी आपण आहोत असे समजायचा मोह प्रत्येकाला होईल, तो आवरा. प्रत्येकाने सांगावे, गेल्या वर्षभरात मी स्टेशनमास्तर कधी झालो, नोकरांचे कारण सांगणारा मित्र कधी झालो, टांगा हाकणारा कधी झालो. आणि मग एक ठरवावे. सोयरिकीत पोटजात विचारणार नाही. पुढच्या जयंतीला मंचावर बाया बोलतील आणि पुऱ्या पुरुष लाटतील. अभ्यासिकेची किल्ली रोज संध्याकाळी कुणाकडे, याची यादी भिंतीवर लागेल.

स्वभावाला औषध आहे. ते कडू आहे, रोज घ्यावे लागते आणि पहिला डोस आपल्या घरापासून सुरू होतो.

जय भीम!